कूलर बंद केला की

कूलरला नव्या ताट्या बसवून पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर ओल्या वाळ्याचा वास पसरतो. परवा दुपारी तो आला आणि मी हातातलं काम ठेवून तशीच बसून राहिले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं व? चक्कर आली का?"

"काही नाही," मी म्हटलं.

खरं तर मी त्या एका उन्हाळ्यात जाऊन पोचले होते. त्या उन्हाळ्यात आमचा हा कूलर दिवसातून कितीदा तरी बंद व्हायचा, आणि तो बंद झाला की घरातली दोन माणसं बोलायचं काम करायची. एक मी. दुसरे माझे बाबा.

मी पुण्यातल्या एका कंपनीत आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांची बुकिंगं ही कंपनी सांभाळते. कुणाला खोली आवडली नाही, कुणाच्या खिडकीतून डोंगर दिसला नाही, की लोक फोन करतात आणि तो फोन मी उचलते. आधी त्यासाठी रोज ऑफिसात जावं लागे. मग एक काळ असा आला की सगळ्यांनीच घरी बसून काम केलं, लॅपटॉप आणि मोबाइल एवढंच ऑफिस उरलं. ती सवय पुरती सुटायच्या आतच, एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून रेझर गळून पडला.

पक्षाघाताचा झटका होता. उजवा हात काही आठवड्यांत बराचसा परत आला. शब्द आले नाहीत. त्यांना सगळं कळायचं. पेपर समोर धरला की डोळे ओळीवरून सरकायचे. आपल्याला काय म्हणायचं आहे तेही त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं एवढंच, "ते... ते..." मग ते हात झटकून भिंतीकडे तोंड करून पडायचे.

दुसऱ्या कुणाचं बोलणं गेलं असतं तर गल्लीपुरती हळहळ झाली असती. बाबांचा आवाज मात्र अख्ख्या अकोल्याचा होता. ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागे बसून, गाडी लागली की माइकवरून सांगायचे. माझी शाळा स्टँडच्या जवळच होती. वारा त्या बाजूचा असला की भूगोलाच्या तासाला खिडकीतून माझ्या बापाचा आवाज वर्गात यायचा, आणि बाई फळ्यावर नद्या काढत असताना मी मनातल्या मनात दर्यापूरच्या गाडीत बसून निघून जायची. भाजीबाजारात ते नुसतं "मेथी कशी दिली?" म्हणाले तरी कुणीतरी वळून पाहायचं. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी ते स्टँडवर चक्कर मारून यायचे, चहा घ्यायचे, गाड्या पाहायचे. झटका आल्यानंतर ते त्या रस्त्यालाच गेले नाहीत. आईनं एकदा सुचवलं, तर त्यांनी अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं की ती पुन्हा तो विषय काढेना.

मी लॅपटॉप घेऊन अकोल्याला आले ती होळीच्या सुमारास. आमच्या रेणुका मॅडमनी तेवढा उन्हाळा मला घरून काम करायची परवानगी दिली. "तुझे तास भरले म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "पण दुपारी फोनची गर्दी असते, तिथे कोणीतरी हवं." ते कोणीतरी म्हणजे माझ्याच विभागातली सायली. तिचं लेकरू पाळणाघरात असायचं ते नेमकं दुपारी. तिनं दुपार घेतली, मी तिची पहाट घेतली. दोघींनी एक दिवस भाकरीसारखा मोडून वाटून घेतला.

अकोल्याच्या उन्हाळ्याला हे वेळापत्रक इतकं चपखल बसलं की मला हसू यायचं. कंपनीत त्याला लवचिक वेळ की असंच काहीतरी म्हणत आणि नव्या युगाची गोष्ट असल्यासारखे त्यावर बोलत. आमच्या आजोळी, दर्यापूरकडे, माणसं कधीपासून अशीच जगत आली आहेत. उन्हाळ्यात वखर पहाटे जुंपायचा, ऊन चढायच्या आत सोडायचा, दुपारी लिंबाखाली आडवं व्हायचं आणि उन्हं कलली की पुन्हा उठायचं. अकोल्यातली दुकानंसुद्धा दुपारी शटर अर्ध्यावर ओढून घेतात. आत मालक गादीवर झोपलेला असतो, आणि खरंच गरज असलेलं गिऱ्हाईक वाकून आत येतं. सूर्य हाच सगळ्यांचा मॅनेजर, आणि त्याच्याशी हुज्जत घालायची सोय नसते.

पहाटे गच्चीवर खाट टाकून मी काम सुरू करायची. हवा तेव्हा गार, निंबोणीच्या मोहोराचा कडसर वास. नळ यायचा दिवस असला की खाली गल्लीत हंडे-बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि फोनवरचा माणूस विचारायचा, "मॅडम, ये आवाज़ कैसी?" ऊन भिंतीवरून उतरत खाटेच्या पायापर्यंत आलं की मी आपला संसार घेऊन एक जिना खाली यायची. नवतपा लागला, मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, तेव्हा फोनच तापून बंद पडायला लागला. आईनं त्यावर उपाय काढला. ताट ओल्या फडक्यावर ठेवायचं, ताटात फोन, आणि ताट माठाला टेकवायचं. "तुह्या ऑफिसले ताप आला, पट्ट्या ठेवल्या," असं ती शेजारणीला सांगायची.

मला एक सकाळ आठवते. मनालीहून एक गृहस्थ फोनवर तावातावानं सांगत होते की खोलीतला हीटर चालत नाही, बायको थंडीनं कुडकुडते आहे, हे काय चाललं आहे. त्यांचं नीट ऐकू यावं म्हणून मी कूलर बंद केलेला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि मी अगदी मनापासून म्हणत होते, "सर, मी समजू शकते, फार थंडी असेल." समोर खाटेवर बाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. हसण्याला शब्द लागत नाहीत हे मला तेव्हा कळलं.

बाबांना शब्द परत शिकवणारी बाई आम्हाला अमरावतीला सापडली. ऋचा तिचं नाव, वाणीचे उपचार करते, राजापेठेत राहते. ती म्हणाली, आणा त्यांना इकडे. पण अमरावती म्हणजे स्टँडवरून जाणं आलं. बाबा उंबऱ्याबाहेर पाय टाकेनात. शेवटी ऋचाच म्हणाली, "मग मीच येते. मोबाइलवर." अशी ती रोज संध्याकाळी, उन्हं कलली की, ओल्या फडक्यावरच्या ताटातून आमच्या घरी यायला लागली. तिच्या मागे राजापेठेतल्या स्कूटरींचे हॉर्न आणि शिकवणीला निघालेल्या पोरांचा गलका ऐकू यायचा. मी कूलर बंद करायची. आई पदरानं वारा घालत दाराशी बसायची.

ऋचा पडद्यावर चित्रं दाखवायची. पेला, किल्ली, आंबा. "काका, हे काय आहे?" बाबा पाहायचे. त्यांच्या कपाळावरची शीर फुगायची. "ते... ते..." आठवड्यामागून आठवडे गेले. एक दिवस आंब्याचं चित्र आलं आणि त्यांनी हात लांब करून फोन ताटात पालथा घातला. आतून ऋचाचा आवाज येत राहिला, "चालेल काका, आज पुरे. उद्या पाहू." बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई उठून आत गेली आणि तिनं उगाचच कुरड्यांचा डबा उघडून झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऋचानं चित्रं काढलीच नाहीत. तिनं आईला विचारलं, "काकू, यांना काही पाठ आहे का? स्तोत्र, आरती, गाणं, काहीही. पाठ असलेलं कधीकधी वेगळ्या वाटेनं बाहेर येतं."

आई म्हणाली, "देवाचं काई पाठ नाही वो बाई त्याह्यले. आरतीत नुसत्या टाळ्या वाजवत. पाठ असंन त स्टँडवरचं असंन."

ऋचा पडद्याजवळ सरकली. मग मला म्हणाली, "तुम्ही सुरू करा. त्यांच्या चालीत."

मला ती चाल विसरणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अकोल्याहून बोरगाव..." आणि थांबले.

बाबांचे ओठ हलले. मान जराशी तिरकी झाली, माइकसमोर व्हायची तशी. "मूर्तिजापूर," ते म्हणाले. आणि मग, उतारावर लागलेल्या गाडीसारखं, "बडनेरामार्गे अमरावतीकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

आवाज जरासा घोगरा होता, पण त्यांचाच होता. बाबा स्वतः इतके दचकले की त्यांनी हात तोंडावर ठेवला. ऋचानं चष्मा काढून पुसला. आई भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, "अजून एक म्हणा." मग चोहोट्टा बाजारमार्गे अकोट झालं, बाळापूरमार्गे खामगाव झालं. त्या संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांतून कितीतरी गाड्या सुटल्या.

अर्थात याच्यानं सगळं जादूसारखं बरं झालं नाही. ज्यांना अख्खी घोषणा म्हणता येत होती त्यांना पाणी मागता येत नव्हतं. ऋचानं मग त्या घोषणांमधूनच शब्द सुटे करायला घेतले. फार नाजूक काम. वाळवणाची शेवई न तुटता दोरीवरून काढावी तसं. "तीन" सुटा झाला. मग "जाणारी". मग "लागली". एका दुपारी बाबा पोटावर हात ठेवून म्हणाले, "लागली." आईला कळेना. मग तिला कळलं, आणि ती ताट वाढायला धावली. त्या जेवणात कैरी-कांद्याचा तक्कू होता, आंब्याचा रस होता, आणि बाबांनी शब्द वापरून मिळवलेली पहिली भाकर होती.

त्या दुपारी आता स्वप्नासारख्या वाटतात. खिडकीला ओलं पोतं, अंधारलेली खोली, कूलरची घरघर, त्या घरघरीत तिघांचं अर्धं झोपणं. माझा फोन गप्प, कारण पुण्यात सायली माझ्या वाट्याचं ऐकते आहे. आपल्या झोपेसाठी कुणीतरी दूरवर जागं आहे, ही जाणीव चादरीसारखी अंगावर असायची. मधेच बाबा झोपेत एखाद्या गावाचं नाव घ्यायचे.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीचा निरोप आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.

मी घरात सांगितलं नाही. मनात ठरवून टाकलं की नोकरी सोडायची. बाबांना आत्ता कुठे शब्द फुटत आहेत. मी गेले तर ऋचाला फोन कोण लावून देणार, घोषणा कोण सुरू करणार. पण दोन खोल्यांच्या घरात कूलर बंद असताना बोललेलं काही लपत नाही. सायलीशी बोलताना आईनं ऐकलं.

"कायले सोडतं नोकरी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"बाबांसाठी."

"त्याह्यनं सांगतलं का तुले सोडाले?"

"ते कसे सांगतील आई?"

"मंग विचार त खरं. बोलता येत नाही म्हून इचारणंच बंद केलं का आपण?"

मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर ते मान हलवतील, आणि ती मान कुठल्या बाजूनं हलेल याची मला भीती होती. दोन्ही बाजूंची भीती.

दोन दिवसांनी मी रेणुका मॅडमना फोन केला. फोन ताटात, स्पीकरवर. मॅडम म्हणाल्या, "माधुरी, माझ्या हातात नाही गं. मी विचारून बघितलं. सोमवारी येतेस की नाही, एवढं सांग." मी घसा साफ केला. येत नाही, हे दोन शब्द होते. ते मला म्हणता येईनात. मी फोनकडे पाहत बसले. तोंड उघडायची आणि मिटायची.

बाबा खाटेवरून उठले. हळूहळू आले, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. ताटाकडे वाकून म्हणाले, "म्याडम."

"कोण बोलतंय?"

"माधुरी..." बाबांनी श्वास घेतला. डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. "माधुरी... येते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सोमवारी," ते म्हणाले. अगदी स्पष्ट. फलाट सांगावा तसं.

मग मॅडम म्हणाल्या, "बरं काका." आणि फोन ठेवला.

ते वाक्य कुठल्याही घोषणेतलं नव्हतं. ऋचानं शिकवलेलं नव्हतं. झटक्यानंतर त्यांनी स्वतः जुळवलेलं ते पहिलं वाक्य, आणि ते मला घरातून पाठवण्यासाठी होतं. मला इतकं लागलं की मी गच्चीवर निघून गेले आणि तापलेल्या पायऱ्यांवर बसून रडले. नंतर आई वर आली, माझ्या शेजारी बसली. "इतके महिने एक बोल नाही," ती म्हणाली, "आन् बोलले त लेकीले घालवाले." मग तिलाही हसू आलं, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "बाप हाये ना माय. तुह्यं काम अडून राहिलं, हे त्याले पाहवलं नाही."

पुढे बरंच काही घडलं. आईनं स्वतः फोन लावायला शिकून घेतलं, ऋचाचा धडा एक दिवसही चुकला नाही. रेणुका मॅडमनी वरच्या लोकांशी वाद घालून दर उन्हाळ्याचे दोन महिने मला अकोल्याचे मिळवून दिले. माझी बढती मात्र मागे राहिली, कारण मोठ्या खुर्चीवरचं माणूस समोर दिसावं लागतं म्हणे. मला त्याचं कधी वाईट वाटतं, कधी वाटत नाही. कामाच्या जागा लवचिक झाल्या असं सगळे म्हणतात. मला आपलं वाटतं, वाकतात ती माणसंच. सायली वाकली, मॅडम वाकल्या, ऋचा फडक्यावरच्या ताटात मावली. यंत्रानं फक्त त्यांना एकमेकांपर्यंत पोचवलं. बाबा आता छोटी छोटी वाक्यं बोलतात. रागावलेले असले की अजूनही "ते... ते..." होतं, आणि मग आईच म्हणते, "बरं झालं, शिव्या अडकल्या."

पण मला परत परत आठवतो तो मी निघाले तो रविवार. संध्याकाळची पुण्याची गाडी होती. मी बॅग भरत होते तेव्हा बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. पायात चपला. आई माझ्याकडे पाहायला लागली. मग तिनंही पायात चपला सरकवल्या. ऑटोत ते पुढे पाहत बसले होते, मांडीवर माझी पाण्याची बाटली धरून.

स्टँडवर ऊन कललेलं होतं, शेडखाली चिवड्याच्या आणि डिझेलच्या वासाची गर्दी. गाडी लागलेलीच होती. मी बॅग ठेवून खिडकीशी बसले आणि पाहिलं, तर चौकशीच्या केबिनमधून वानखडे काका बाहेर येत होते. बाबांच्या हाताखाली त्यांची उमेदवारी गेली होती. आता तेच कंट्रोलर होते. ते धावल्यासारखे आले आणि मग एकदम थबकले, काय बोलावं ते न कळून. "साहेब," ते म्हणाले. "कोन चाललं?"

"माही..." बाबा म्हणाले. आणि थांबले.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, हॉर्न दिला. वानखडे काकांनी बाबांवरची नजर न काढता त्याला हात दाखवला. इंजिन बंद झालं.

"माही पोरगी. पुन्याले..." पुढचा शब्द येईना. शेडखालचे दोन-तीन जण पाहायला लागले होते. बाबांचे कान लाल झाले. ऋचानं आम्हाला बजावून ठेवलं होतं, शब्द त्यांच्या तोंडात घालू नका, वाट पाहा. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीचा गज घट्ट धरून गप्प राहिले. कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात धरून दारात उभा. वानखडे काका जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा असा होता की जणू त्या संध्याकाळी अकोल्याहून कुठलीच गाडी कुठे जायची नाही.

"ड्युटीवर," बाबा म्हणाले. "ड्युटीवर... चालली."

"हो साहेब," वानखडे काका म्हणाले. "सोडू मंग?"

बाबांनी डावा हात वर केला. गाडी सुटली, उशिरा सुटली. फाटकाशी वळताना मी मागे पाहिलं. वानखडे काका केबिनकडे परतले नव्हते. माइक वाट पाहत असणार, गाड्या येत होत्या. ते बाबांच्या शेजारी मान वाकवून उभे होते, आणि बाबा त्यांना अजून काहीतरी सांगत होते.